लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे घड्याळकाका

घड्याळकाकांना गप्प बसवणं आजवर कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. दृष्टी गेली, दुकान गेलं, पण तोंडाचा पट्टा शाबूत. उलट डोळ्यांचं कामही तोंडानेच अंगावर घेतलं म्हणा ना.

एकेकाळी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं, एवढंसं. काका गप्पांचं गुऱ्हाळ लावायचे, आणि गिऱ्हाइकाचं घड्याळ बंद असल्यामुळे आपण किती वेळ अडकलोय हे त्या बिचाऱ्याला कळायचंही नाही. मग काचबिंदू झाला. "चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही," म्हणत काकांनी तो अंगावर काढला. आधी चिमट्यातला स्क्रू दिसेना, मग चिमटा दिसेना, मग हातच दिसेना. दुकानाला कुलूप लागलं, अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला, आणि काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच.

बायको रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. सकाळी निघताना ती रेडिओ लावून जायची. "तेवढीच सोबत," म्हणायची. पोपटाला दाणे घालून जावं तसं. काका दिवसभर रेडिओशी भांडायचे, बातम्या देणाऱ्याला मध्येच अडवायचे, पण तो मेला थांबायचा नाही. संध्याकाळी ती दमूनभागून दारात आली की दिवसभराचं साठलेलं सगळं तिच्या अंगावर कोसळायचं. चपला काढायचीही सवड नाही. ती आपली "हं, हं" करत भाजी चिरायला घ्यायची.

हसू येतं खरं, पण काकांना त्या खुर्चीची आता भीती वाटायला लागली होती. सकाळी तिच्यात बसलं की आपण माणूस राहिलो की घरातलं सामान झालो, हेच त्यांना कळेनासं व्हायचं. कुणाचं तरी आपल्यावाचून अडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून एक दिवस ते बायकोचा हात धरून रोजगार केंद्रात गेले.

तिथे त्यांची गाठ धक्काबाईंशी पडली. भत्त्यावर असलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावणं ही बाईंची नोकरी. बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करावी तशी त्या माणसं सुरू करायच्या, म्हणून हे नाव. ते त्यांच्या तोंडावर कुणी घेत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"पण भत्ता बंद झाला तर?" काकांच्या बायकोने पहिल्यांदा तेच विचारलं. तिच्या भावाने घरी येऊन आधीच विष कालवलं होतं, की घरबसल्या मिळतंय ते सोडून नसते उद्योग कशाला.

"चाचणीच्या काळात भत्ता चालू राहतो, वहिनी," बाई म्हणाल्या. "जमलं तर पगार. नाही जमलं तर पुन्हा भत्ता, नव्याने खेटे न घालता. तुमच्या भावाला म्हणावं, नियम मी वाचलेत, त्यांनी नाही."

बाईंनी काकांना आधी औषधांच्या खोक्यांच्या कारखान्यात लावून दिलं. काकांची बोटं सराईत, खोकी झरझर व्हायची. पण काकांच्या रांगेतल्या बाकी सगळ्यांचे हात थांबायचे. मालकाने बाईंपुढे हात जोडले. "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण आमची रांग गोष्टी ऐकत बसते!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. बाई मात्र टेबलावर बोटं वाजवत बसल्या होत्या. "काका," त्या म्हणाल्या, "मला एक जागा माहीत आहे. तिथे ऐकणारा माणूस पळूनच जाऊ शकत नाही."

ती कंपनी शहरातल्या लिफ्टची देखभाल करायची. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाने घंटीचं बटण दाबायचं, फोन इथे वाजायचा, आणि इथल्या माणसाने मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला धीर द्यायचा. धीर देणारा माणूस टिकत नव्हता. काका टिकतील, असं बाईंनी मॅनेजरच्या गळी उतरवलं. काकांच्या एका कानात अडकलेला माणूस आणि दुसऱ्या कानात इमारतीचा पत्ता वाचून दाखवणारा संगणक, अशी सोय झाली. "माझ्यापेक्षा जास्त बोलणारा पहिल्यांदाच भेटला," काका संगणकाबद्दल म्हणाले.

बसथांब्यापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता बाईंनी शिकवला. पहिल्या दिवशी हाताला धरून. मग एक पाऊल मागे. मग आणखी मागे. काका काठी आपटत कावरेबावरे झाले की मागून आवाज यायचा, "मी इथेच आहे. पण आता तुमचं तुम्ही." एकदा काकांनी अख्खा रस्ता आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. शेवटाला कुणी हसलं नाही म्हणून वळून हात पुढे केला, तर हाताला टपालपेटी! बाई केव्हाच थांब्यावरून परत फिरल्या होत्या. काका भडकले, फोनवर त्यांना वाटेल ते बोलले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोचलात ना?"

बाईंची एक गोष्ट काकांना सुरुवातीलाच कळली होती. ऑफिस पाचव्या मजल्यावर, तरी बाई प्रत्येक वेळी धापा टाकत यायच्या. "व्यायाम होतो," म्हणायच्या. पण लिफ्टचं नाव काढलं की त्यांचा श्वास अडायचा, तो काकांच्या कानांनी बरोबर टिपला होता. बाई लिफ्टला घाबरायच्या. काकांनी याबद्दल ब्र काढला नाही, आणि काकांच्या बाबतीत हे फार मोठं समजायचं.

काम सुरू झालं आणि काका रंगात आले.

"अहो, इथले दिवे गेलेत!" एकजण किंचाळला.

"हो का? माझेपण," काका म्हणाले. "बसा खाली मांडी घालून. सवय होते." तो माणूस आधी चक्रावला, मग हसला, आणि बाहेर येईपर्यंत त्याने काकांना चहाचं आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं.

असं सगळं छान चाललं होतं, आणि तिथेच माशी शिंकली. एक दातांचा डॉक्टर अडकला. काकांनी त्याला चोरीच्या घड्याळाची गोष्ट सुरू केली. ही गोष्ट काकांची सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात लांब. मेकॅनिक आला, त्याने दार उघडलं, तर डॉक्टर म्हणतो, "जरा थांबा हो, चोर कोण ते कळू दे!" काकांना काय, हत्तीचं बळ आलं. शेजारच्या टेबलावर फोन घेणारी मुलगी दुसऱ्या फोनवर होती. आणि काकांच्या कानात संगणक दुसरी घंटी वाजतेय म्हणून सांगत होता, तो काकांनी गोष्टीच्या भरात ऐकलाच नाही.

त्या घंटीच्या टोकाला एक आजी होत्या. दिवे गेलेल्या लिफ्टमध्ये एकट्या, बटण दाबून दाबून थकलेल्या. बाहेर काढल्या तेव्हा रडत होत्या. त्यांचा मुलगा ऑफिसात येऊन काकांसमोर उभा राहिला. ओरडला नाही. "आई विचारत होती," एवढंच म्हणाला, "की कुणीच कसं नाही तिथे?"

काका त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत. अंधारात बसून हाका मारायच्या आणि कुणी ओ द्यायचं नाही, म्हणजे काय, हे साऱ्या शहरात काकांइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि नेमकं तेच काकांनी त्या म्हातारीला करून ठेवलं होतं. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, "चाचणी संपेपर्यंत ठेवतो, ते बाईंच्या शब्दाखातर. पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी घरी."

बाई आल्या, धापा टाकत. काका म्हणाले, "मला परत खुर्चीत बसवा. माझी लायकी तेवढीच."

"रडगाणं नको," बाई म्हणाल्या. "मला सांगा, त्या डॉक्टरला काय झालं होतं? का चढला होता लिफ्टमध्ये? घरी कोण आहे त्याच्या?"

काकांना काहीच माहीत नव्हतं.

"काका, घाबरलेल्या माणसाला गोष्ट नको असते. त्याला स्वतःचं सांगायचं असतं. तुम्ही फक्त एक शब्द म्हणायचा. 'मग?' बस. आणि कान दोन्हीकडे ठेवायचे."

एका शब्दावर दिवस काढायचा! काकांना पहिल्या दिवशी जीव जातो की काय असं झालं. गोष्टी ओठांपर्यंत यायच्या आणि ते त्या गिळायचे. पण लोक बोलू लागले. एक नवरदेव अडकला होता, तो लग्न मोडावं का म्हणून विचारत होता. "मग?" काका म्हणत राहिले, आणि दार उघडेपर्यंत पठ्ठ्याचं लग्नाचं नक्कीसुद्धा झालं. काकांना आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं आपण समोरच्याला किती मोठ्या मजेला मुकायला लावलं, आणि स्वतःही मुकलो.

चाचणीचा शेवटचा दिवस उजाडला. काकांचं काय करायचं ते ठरवायला धक्काबाई येणार होत्या. पण आदल्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला होता. मॅनेजर काकांच्या पाठीमागे येऊन उभा राहिला, कामावर एक शेवटची नजर टाकायला. तेवढ्यात फोन वाजला आणि संगणकाने कानात पत्ता सांगितला. काकांना वाटलं, हा आता चळला. पत्ता त्यांच्याच इमारतीचा होता! साऱ्या शहराच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीची स्वतःची लिफ्ट बंद पडली होती.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. बारीक, थरथरता, पण ओळखीचा. "इथे... इथे कुणी आहे का?"

"बाई?"

"काका! काका, मला बाहेर काढा. पायामुळे चढले हो यात. माझा श्वास... फोन ठेवू नका, तुम्हाला शपथ आहे, ठेवू नका!"

"नाही ठेवत. मेकॅनिकला निरोप गेलाय. मग? पाय कसा मुरगळला?"

बाई सांगू लागल्या. अडखळत, मध्येच रडत. लहानपणी भावंडांनी खेळताना कपाटात कोंडलं होतं, तिथपर्यंत गोष्ट आली. मॅनेजर लिफ्टच्या दाराकडे धावला. आणि तेवढ्यात काकांच्या दुसऱ्या कानात संगणक बोलला. दुसरी घंटी. दुसरी इमारत. शेजारच्या टेबलावरची मुलगी तिसऱ्याच फोनवर.

ज्या बाईंनी काकांना खुर्चीतून उठवलं, त्या या कानात रडत होत्या. आणि त्या कानात कोण होतं कुणास ठाऊक. कदाचित कुणी आजी.

"बाई," काका म्हणाले, आणि त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. "दुसरी घंटी वाजतेय."

पलीकडे बाई पुन्हा रडू लागल्या.

"मी इथेच आहे, बाई. पण आता तुमचं तुम्ही."

मग बाई म्हणाल्या, "घ्या. तो फोन घ्या, काका."

दुसरीकडे दम्याचा एक म्हातारा होता, खिशातला फवारा सापडत नाही म्हणून घाबरलेला. काकांनी त्याला एकेक खिसा तपासायला लावला. फवारा कोटाच्या आतल्या खिशात निघाला, मेकॅनिक पोचला, आणि काकांनी पुन्हा पहिली लाइन घेतली. धक्काबाई आत मोठमोठ्याने भत्त्याचे नियम म्हणत होत्या, पहिल्यापासून, एकही न गाळता. दाराबाहेरून मॅनेजर त्यांना "शाब्बास, पुढचा?" म्हणत होता.

बाहेर आल्यावर बाई लंगडत थेट काकांच्या टेबलाशी आल्या. काकांना वाटलं, आता बरसणार.

"शिकवलेलं माझ्यावरच उलटवलंत," त्या म्हणाल्या, आणि काकांचा खांदा इतका घट्ट धरला की दुखला. मग मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, "यांचं काय ते सांगा. आणि तुमची लिफ्ट दुरुस्त करा, मेल्यांनो."

"यांचं काय सांगायचं?" मॅनेजर म्हणाला. "सोमवारी वेळेवर या, काका. भत्ता सोडा आणि पगार घ्या."

"मी आता विचारपूस करायलाही येणार नाही हं," बाई काकांना म्हणाल्या.

"माहीत आहे," काका म्हणाले. "मी पोचेन."

संध्याकाळी बायको घरी आली. दारात नेहमीप्रमाणे क्षणभर थांबली, अंगावर कोसळणाऱ्या बोलण्याच्या तयारीने. घरात आवाज नाही. रेडिओही बंद.

"अहो, काय झालं? काढलं का कामावरून?"

"नाही गं. कायम केलं."

"मग असे गप्प का?"

"सांगतो नंतर. आधी तू बस. चपला काढ." काका चाचपडत उठले, आणि खिडकीजवळची आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली. "तुझ्या त्या धुलाईघरात दिवसभर काय काय होतं गं? मी कधी विचारलंच नाही."

ती खुर्चीत टेकली. हातातला पदर उगाच पिळत राहिली.

"काय सांगू," ती शेवटी म्हणाली. "आज एक चादर धुवायला आली, तिच्यात कुणाचं तरी मंगळसूत्र गुंडाळलेलं होतं. आम्ही सगळ्याजणी घाबरलो."

काका जमिनीवर, तिच्या पायाशी बसले.

"मग?" ते म्हणाले.