पलीकडच्या काठाचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. आता आत मावत नाही, एवढं खरं.

शहापूर तालुक्यातला आमचा पाडा धरणाच्या पाण्याला लागून आहे. तेव्हा रविवारी खर्डी स्टेशनवरून रिक्षा करून लोक यायचे, आमच्या होडीतून पाण्यावर फेरी मारायचे. चार घरांच्या चार होड्या. तीन आमच्या काठाला, चौथी पलीकडे — बारकीची. नवरा वारलेला, दोन मुली, आणि ती होडी. बाकी काही नाही.

मग फलक लागला. मौजेसाठी होडी चालवण्यास मनाई. धरणावरच्या साहेबांच्या पाहुण्यांची लाँच चालायची, आम्ही चार माणसं फिरवली की मात्र पाणी बिघडायचं! मीच सगळ्यांना गोळा केलं. मीच म्हणाले, "रविवारी चारी होड्या एकदम काढू. किती जणांना धरतील?" बारकी घाबरली. तिचा हात धरून मी म्हणाले, "मी तुझ्या पुढं असंन गो."

शनिवारी दुपारी धरणावरचा मुकादम घरी आला. माझा नवरा तिथेच रोजंदारीवर होता. मुकादम एवढंच बोलला — होडी निघाली तर ह्याला सोमवारपासून पाठवू नका. मी लगेच शेजारच्या दोन्ही घरांना कळवलं, बेत रद्द. आणि बारकीला? पलीकडे जायला दहा मिनिटं. उजेड होता, होडी होती. मग का गेले नाही? — तिच्या तोंडाकडे बघून "मी घाबरले" असं म्हणावं लागलं असतं. ते जमलं नाही. इतकंच.

सकाळी ती निघाली. होडीला झेंडूची माळ, नवे फ्रॉक घालून मुली पुढं बसलेल्या. मधोमध येऊन थांबली आणि हाका मारू लागली. माझं नाव घेऊन. मी करवंदीच्या जाळीमागे बसून राहिले. साहेबांची लाँच आली. मुली किंचाळत होत्या. दोर बांधून होडी ओढून नेली, ती तिला परत मिळालीच नाही.

संध्याकाळी पाड्यानं विचारलं, तिला कळवलं नव्हतंस? आणि मी — मी म्हणाले, "काठावरून वरडून सांगितलं व्हतं. ऐकलं नाय तिनं."

बारकी रडून सांगत राहिली, मला कोणी नाय सांगितलं. कोण विश्वास ठेवणार? सगळ्यांना गोळा करणारी मी होते ना. उलट हट्टी म्हणून तिलाच बोल लागले. दिवाळीनंतर मुलींना घेऊन ती भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. बंदीविरुद्ध पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

सात-आठ वर्षांनी म्हसा गावच्या जत्रेत भेटली. बांगड्यांच्या दुकानापाशी. हात भेगाळलेले, केस पिकलेले. तिनंच मला जवळ घेतलं. म्हणाली, "तू सांगितलं असशील गो. वाऱ्यानं आवाज गेला असंल. मलाच ऐकू नाय आलं."

तेव्हा तरी —? नाही. मी म्हणाले, "असंल."

ती ओशाळून हसली. आणि मी तिला हसू दिलं.