भुऱ्या मिस्त्रीच्या अर्जातला सहावा रकाना

त्या अर्जातला सहावा रकाना मी भरला होता. अक्षर माझं होतं आणि चूकही माझी होती. पण साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्यानं सांगितलं तसं लिहिलं, साहेब." या एका वाक्यापायी भुऱ्या मिस्त्रीला हा देश सोडून जावं लागलं.

मी तेव्हा चांद्याला पोलीस कचेरीत कारकून होतो. जिल्ह्यात राहणाऱ्या परदेशी माणसांची नोंदवही माझ्या टेबलावर असे. वही जाडजूड, माणसं जेमतेम पाच. भुरा मिस्त्री त्यांतला एक. त्याचं खरं नाव वहीत होतं, पण ते इतकं लांब आणि इटालियन होतं की तो काम करी त्या आलापल्लीच्या आरागिरणीवर कुणाच्याच जिभेला ते वळलं नाही. केस भुरे, भुवया भुऱ्या, उन्हानं भाजलेली मानसुद्धा भुरी, म्हणून भुरा मिस्त्री. हाक मारली की "काऊन भाऊ?" म्हणत तो वळायचा आणि नवखा माणूस चाट पडायचा.

लाकडाचं ऐकून घेतल्याशिवाय तो त्याला आरा लावू देत नसे. सागाचा ओंडका समोर आला की आधी बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावायचा, पुढं सरकून पुन्हा टकटक करायचा आणि मगच खडूची रेघ ओढायचा. गिरणीचा मालक, लाकडाचा ठेकेदार, घाई करू लागला की म्हणायचा, "आयकू द्या ना मालक. पोकळ लाकूड लय जोरानं बोलते. भरीव असलं तं हळूच बोलते." एकदा कामानिमित्त मी तिकडे गेलो होतो, तेव्हा हे ऐकून सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं हसलो होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो कैदी म्हणून हिंदुस्थानात आला. छावणीतल्या कैद्यांना लाकूडकामाला लावत, तिथं त्याची या ठेकेदाराशी ओळख झाली. लढाई संपल्यावर तो घरी गेला आणि दोन-तीन वर्षांत ठेकेदाराचं नोकरीचं पत्र मिळवून परत आला. मी विचारलं, "मिस्त्री, सुटलेला कैदी कधी परत येतो का?"

"गावाले गेलो बाबू. आमचे पहाड पाह्यले. लढाईत सारं जंगल जळून गेलं होतं. झाडच नाई तं आरावाला काय करन?"

त्याच्या खिशात कायम एक लहानशी वही असे. ऐकलेला प्रत्येक मराठी शब्द तो तीत आपल्या लिपीत, म्हणजे रोमन अक्षरांत, उतरवून ठेवी. इंग्रजी भाषा त्याला येत नव्हती आणि देवनागरी अक्षरं शेवटपर्यंत जमली नाहीत. मले, तुले, कुठी, इथी, अशी पानंच्या पानं भरलेली. पुण्याकडून आलेले आमचे हेडक्लार्क एकदा त्याला म्हणाले, "मिस्त्री, 'मले' नव्हे, 'मला' म्हणावं." तो शांतपणे म्हणाला, "मले पोचुबाईनं शिकवलं, साहेब. तुमी तिले सांगून पाहा." पोचुबाई म्हणजे त्याची बायको. गिरणीवरच्या एका मजुराची विधवा. गावानं हळद लावून, मांडव घालून दोघांचं लग्न लावून दिलं होतं. त्याचा कागद मात्र कुठंच नव्हता.

त्याच्या इथं राहण्याच्या परवान्याची मुदत दरवर्षी दिवाळीच्या सुमारास संपायची. मिस्त्री पोळा झाला की निघायचा. नदीला पाणी असायचं. आष्टीच्या घाटावर डोंग्यातून वैनगंगा उतरून पुढं लाकडाच्या ट्रकवर बसून तो चांद्याला यायचा. परवाना मेणकापडात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेला असे. माझ्या टेबलावर तो दोन्ही हातांनी ठेवी आणि म्हणे, "हा कागद हाय तं मी हाव, बाबू."

त्या दिवशी जेवायला तो आमच्याकडेच असायचा. माझी बायको शेवयांची खीर करायची. पहिल्या वर्षी ताटाकडे बघून तो म्हणाला, "वहिनी, माही माय बी अशाच वाळवे. पर आमी त्याले दुधात नाई बुडवत. तुमी बिघडवता."

"मग राहू द्या, मिस्त्री."

"आता बिघडलीच हाय तं खाऊन घेतो," म्हणून त्यानं दोन वाट्या संपवल्या. पुढच्या खेपेला त्यानं तिच्यासाठी सागाचा पोळपाट करून आणला. आमच्या घरी आजही त्याच्यावरच पोळ्या लाटतात.

मग आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जायचं ठरलं. कचेरीत एकच धांदल उडाली. प्रत्येक टेबलानं आपली प्रकरणं निकालात काढून 'प्रलंबित: निरंक' असं लिहून द्यायचं होतं. माझं निरंक सगळ्यांच्या आधी गेलं पाहिजे, हा माझा हट्ट होता. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. नव्या राज्यात कुणाला ठेवतील, कुणाला काढतील, याची रोज चर्चा चाले.

अशात पोळ्यानंतर मिस्त्री आला. त्यानं सांगितलं की ठेकेदार वारला. आता मुलगा गिरणी बघणार होता आणि तो मिस्त्रीला कामावर ठेवणारही होता. पण 'नोकरी' म्हणून मुदत वाढवायची तर नव्या मालकाचं पत्र हवं. ते आणायला पुन्हा आलापल्ली, पुन्हा पूर, म्हणजे पंधरवडा गेला. 'कायम रहिवास' असाही एक मार्ग होता, पण त्याला गावची चौकशी आणि पंचांचे जबाब लागत, आणि ते सगळं लिहिणं माझ्याच अंगावर येणार होतं. 'धंदा' लिहिलं तर मात्र सोबत काही जोडायला अर्जावर सांगितलेलं नव्हतं. नियमांचं पुस्तक पाठीमागच्या कपाटात होतं. मी खुर्चीवरून उठलो नाही.

"मिस्त्री, सहाव्या रकान्यात राहण्याचं कारण म्हणून धंदा लिहू या. गावातल्या लोकांच्या आऱ्यांना तुम्ही धार लावून देताच की."

"पर बाबू, मी तं नोकर हाव. नोकरीच ल्याहा ना."

"सरकारी कागदातलं तुम्हाला कळतं की मला?"

"तुमाले कळते," तो म्हणाला आणि त्यानं सही केली. त्या संध्याकाळी माझं निरंक गेलं.

अर्ज आधी नागपूरला गेला, तिथून मुंबईला. उन्हाळ्यात हुकूम आला. हा माणूस नोकरीसाठी आला आणि परवानगी न घेता धंद्याकडे वळला, सबब मुदतवाढ नाही, तीस दिवसांत देश सोडावा. साहेब नवे होते, मुंबईच्या बाजूनं बदलून आलेले. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि अर्ज वर धरला.

"अक्षर तर आपल्या कारकुनाचं दिसतंय. हे बघा, कचेरीची चूक असेल तर मी आज तसं लिहितो आणि फेरविचाराला पाठवतो. ह्यानं स्वतःच धंदा सांगितला असेल, तर मला काही करता येणार नाही. बोला, कोणी सांगितलं?"

मी ते वाक्य बोललो. वरती मी सांगितलंच आहे.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सगळं सांगणार. तो साहेबांकडे वळून म्हणाला, "हो साहेब. म्याच सांगतलं."

बाहेर वऱ्हांड्यात आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर पेरांनी दोनदा टकटक केलं. नंतर "वहिनीले नमस्ते सांगजा" म्हणून तो पायऱ्या उतरला. त्याला पोचवायला मी गेलो नाही. पोचुबाईला त्याच्याबरोबर जाता आलं नाही, कारण लग्नाचा कागद नव्हता. त्याच वर्षी दसऱ्याला मी नोकरीत कायम झालो.

दोन वर्षं मी हे घरीही सांगितलं नाही. पोळा झाला की बायको विचारायची, "मिस्त्री यंदाही आले नाहीत?" आणि मी काहीतरी थाप मारायचो. शेवटी एके दिवशी ती पोळ्या लाटत असताना मी सगळं बोलून गेलो. तिचं लाटणं थांबलं. "मला काय सांगता?" ती म्हणाली. "जिचं घर मोडलं तिला जाऊन सांगा."

मी आलापल्लीला गेलो. पोचुबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी उभ्यानंच सारं सांगितलं. तिचे हात चालूच होते.

"मले मालूम हाय, बाबू. त्यानं जाताजाताच सांगतलं."

"मग तुम्ही कचेरीत का नाही आलात?"

"तोच नाई म्हणे. म्हणे, बाबू आताच रुजून राह्यला, त्याले हलवू नोको. मी मोठं झाड हाव, कुठी बी उभा राहीन." तिनं आणखी एक मूठ फुलं पसरली. "पर नाई राह्यलं जात त्याच्यानं. चिठ्ठ्या येते. इथी कोनाले वाचता येत नाई. रेंजरसाहेबाले दाखवल्या. म्हणे, हे इंग्रजी नोहे, त्याच्या मुलखाची बोली असन."

तिनं बिस्किटांचा तोच डबा आणला. आत सात पत्रं होती. अक्षरं रोमन होती, पण मी मोठ्यानं वाचू लागलो तशी पोचुबाई जवळ येऊन बसली. "पोचुबाई, इथी बरफ पडून राह्यला. म्या लाकडाले कान लावला तं हे लाकूड माह्याशी बोलत नाई. तू जेवली का?" दोन वर्षं तो तिला तिच्याच बोलीत विचारत होता, आणि तिला ते आज ऐकू आलं.

पुढं मी साहेबांना लेखी जबाब दिला. माझी चौकशी चालू आहे. मिस्त्रीला परत येऊ द्यावं, असा पोचुबाईचा अर्ज माझ्या जबाबासह मुंबईला गेला आहे आणि अजून प्रलंबित आहे. महिन्याच्या तक्त्यात मी ते दर वेळी स्वच्छ अक्षरात लिहितो.

पण त्याआधी, त्या दिवशी, पोचुबाईच्या ओसरीवर बसून मी तिच्या तोंडचं पत्र लिहून घेतलं. तिचं सांगणं संपल्यावर खाली थोडी जागा उरली होती. तिथं त्याच्याच अक्षरांत आणि त्याच्याच बोलीत, त्याला मोठ्यानं वाचता यावं म्हणून, मी लिहिलं:

"मिस्त्री, तुमी नोकरीच ल्याहा म्हणून राह्यले होते. सहावा रकाना म्या भरला. साहेबापुढं म्या खोटं बोललो. मले माफ करा."