दोन दिवसांच्या दशम्या

माझा मोठा भाऊ शारजात नोकरीला. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा कौतुक करून घ्यायला आईला म्हणाला, "नागपूरहून शारजाले पोचाले दोन दिवस लागतात, माय." आई कधी विमानात बसली नव्हती. तिनं ते खरं मानलं. तेव्हापासून तो निघाला, की ती दुधात कणीक भिजवून दशम्या करायची. दोन दिवस टिकल्या पाहिजेत ना.

एकदा त्याला सोडायला मी नालवाडीहून नागपूरच्या विमानतळावर गेले. दारापाशीच त्यानं दशम्यांचं पुडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "कोन खाईन हे? चार घंट्यात तं शारजात उतरतो मी."

आईला मी काही बोलले नाही. लेक लांब आहे म्हणून येत नाही, हे तिला सोसत होतं. जवळ असून येत नाही, हे सोसलं नसतं.

मग आईनं अंथरूण धरलं. मी फोन लावला, तिलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. "जाले दोन दिवस, याले दोन दिवस. सुट्टीच पुरत नाई," तो निर्लज्जपणे म्हणाला, तेही मला! मावशी, आईची बहीण, गुडघे धरत दोन बस बदलून रोहण्याहून दर आठवड्याला यायची. आई तिला सांगायची, "निघाला असन तरी दोन दिवस तं लागतीनच त्याले." दोन दिवस ती दाराकडे बघायची, मग पुन्हा पहिल्यापासून. अशी बघता बघताच गेली.

सकाळी मी त्याला कळवलं. संध्याकाळी तो दारात हजर! त्यानं असा हंबरडा फोडला, की शेजारणी त्यालाच सावरायला धावल्या. माझं रडणं तिथंच आटलं. माणसं स्मशानातून परतली आणि मी गॅस पेटवला. दुःखाच्या घरात स्वयंपाक कशाला, म्हणून बाया ओरडल्या. मी ऐकलं नाही. दशम्या केल्या, दुधाचा थेंब न घालता, आणि उघड्या ठेवून दिल्या.

तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाला वस्ती जमली. बुद्धवंदना झाल्यावर भाऊ बोलायला उभा राहिला आणि पुन्हा रडला, "लय दूर होतो हो मी." पंगत बसली. सगळ्यांना वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी. त्याच्या ताटात फक्त वाळून कडक झालेल्या दशम्या.

"हे काय वं?"

"शारजाच्या रस्त्यातलं जेवन, दादा. मायनं बांधून देल्लं तू फेकलं होतं. आता खा."

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. चार तास, कचऱ्याचा डबा, फोन. पंगतीत कुणी घास उचलेना.

तो मान खाली घालून चावू लागला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. घास घशात अडकला तसा त्यानं पाण्यासाठी हात पुढे केला. तांब्या माझ्याच हातात होता.

"पानी तं दे वं त्याले," मावशी म्हणाली.

"देतो ना, मावशी. दोन दिवसानं."