हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मेंढरांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठायचो.

नात नुकती शाळेत जाऊ लागली होती, तेव्हा तिचं अपेंडिक्स फुटलं. वडूजहून सांगलीला नेलं, ऑपरेशन झालं. तिची आई घरी बाळंतीण, म्हणून पोरीजवळ मी. आम्ही मेंढरांमागं हिंडलेली माणसं. आमच्यात रडणं म्हणजे कमीपणा. ती शुद्धीवर येऊन कण्हू लागली तसा मी तिच्या कानाशी वाकलो.

"रडली न्हाईस तर ठिपक्याचं कोकरू तुझं."

ती गप्प झाली. मला बरं वाटलं.

नर्स हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढलेला कागद पुढं धरायची. "किती दुखतंय? बोट ठेव बघू." पोरगी आधी माझ्याकडं बघायची, मग हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची.

"खरंच दुखत नाही?" नर्स मला विचारायची.

"आवं, वाघीण हाय आमची!" शेजारच्या खाटेवर पोर रडत होतं. त्याच्या बापाला मी टोमणाही मारला, "गड्या, ह्याला धाड आमच्यात मेंढरं राखायला."

दुखण्याचं औषध कमी झालं. पोरगी मात्र कूस बदलेना. खोकला आला की ओठ घट्ट मिटायची. उशीचा कोपरा चावून चावून भिजला होता. तो मी पाहिला, आणि उशी उलटी केली.

मग ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय म्हणून पोरीनं खोल श्वासच घेतलेला नाही. छातीत कफ साचलाय. बोलली कशी नाही?"

"काय म्हाईत," मी म्हणालो.

तिला आयसीयूच्या काचेच्या दारापलीकडं नेताना ती पुटपुटली, "आबा, म्या रडले न्हाई. कोकरू?"

ती वाचली. कोकरूही दिलं. पण त्यानंतर तिनं कुठं दुखतंय असं कुणाला कधी सांगितलं नाही.

परवा तिच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सांगलीतच. यावेळी बोलायचंच असं ठरवून गेलो. पोरगं कळवळत होतं. ती त्याच्या कानाशी वाकली, "रडू नगंस. आबा बघत्यात."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओठ मिटले. तेवढ्यात नर्स तसलाच कागद घेऊन आली. पोराचं बोट हसऱ्या चेहऱ्याकडं निघालं. मी ते हातात धरलं. "ह्याला दुखतंय," मी नर्सला म्हणालो. "लय दुखतंय."

नात माझ्याकडं बघत राहिली. "आता कळतंय व्हय, आबा?"

बाय, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं. मी पाण्याची बाटली उचलली आणि भरायला निघालो.