जपानच्या बुकिंगची खरी गोष्ट

जपानमधलं ते बुकिंग माझ्या बायकोने चुकवलं नव्हतं. मी ते रद्द केलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खोटी आवृत्ती मात्र इतक्यांना ऐकवलीय की शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी घरांत मी त्या गोष्टीवरूनच ओळखला जातो. एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायच्या पंगतीला, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "यार, ती जपानची सांग ना!" मी आढेवेढे घेतो, नामवंत कलाकाराने घ्यावेत तेवढे, आणि सुरू होतो.

गोष्ट रंगते, कारण रात्र खरोखरच भयंकर होती. स्वस्तातलं गेस्ट हाउस. खोली एवढीशी, की दोन गाद्या अंथरल्यावर बॅग उघडायची तर एक गादी गुंडाळावी लागे. उशीत कुठल्याशा धान्याची टरफलं. कूस बदलली की कानात कुणीतरी तांदूळ पाखडतंय. भिंती कागदाच्या. जेवणाची सोय नाही, आणि बाहेर जे मिळेल त्यात मासा असणार या धास्तीने आम्ही दोघं शाकाहारी उपाशी. शेवटी घरचा चिवडा काढला. कागदी भिंतींच्या घरात चिवडा! दाताखाली शेंगदाणा फुटला की पलीकडून एक अतिशय सभ्य खोकला यायचा. मग आम्ही एकेक घास तोंडात भिजवून गिळू लागलो. त्यात मी फक्त संडासात घालायच्या चपला तशाच घालून खोलीपर्यंत आलो. मालकीणबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि इतक्या खाली वाकल्या, जणू माझ्या घरात कुणी वारलं होतं.

"आणि हे सगळं कशामुळे? तर मॅडमनी बुकिंग करताना महिनाच चुकवला!"

हशा. निवृत्त डॉक्टर असलेले एक काका डोळे पुसत तिला म्हणतात, "अगं पोरी, निदान पासपोर्ट तरी त्याच्याकडे देत जा!" तीही हसते. गुलाबजाम वाढता वाढता हसते.

खरं असं, की आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी तिने एक सुरेख जागा ठरवली होती. खोलीलगत गरम पाण्याचं कुंड. मासा नको, माशाचं पाणीसुद्धा नको, असं तिथल्या आचाऱ्याला मेलवर समजावून तिने होकारही मिळवला होता. मला वाटलं, एका रात्रीच्या झोपेला एवढा थाट कशाला? तिला तसं म्हटलं असतं तर वाद झाला असता, आणि मी पडलो शांतताप्रिय. ईमेल दोघांचं एकच. बुकिंग रद्द केलं, आलेला मेल पुसला, आणि तिथल्या स्टेशनवर उतरल्यावर चेहरा पाडून म्हणालो, "अगं, तू पुढचा महिना टाकला होतास. थांब, मी बघतो काहीतरी."

मी काहीतरी आधीच बघून ठेवलेलं होतं.

त्या रात्री टरफलांच्या उशीवरून ती हळूच म्हणाली, "सॉरी रे. तुझी पण ट्रिप खराब केली मी."

"होतं गं कधीकधी," मी म्हणालो. माफ केलं मी तिला. मन मोठं आहे माझं.

त्यानंतर तिने एकही बुकिंग केलेलं नाही. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रक्ताच्या नळीवरचं लेबल तिच्या हातून कधी चुकलेलं नाही. नवीन लोकांना तीच तयार करते. घरी मात्र डेंटिस्टची तारीखसुद्धा "एकदा तू बघ ना" म्हणून माझ्यापुढे धरते. मी चष्मा लावून गंभीरपणे तपासतो. बरोबर असते.

परवा मुलीला कॉलेजं दाखवायला जायचं ठरलं. "हॉटेलचं मी बघू का?" बायकोने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मुलीने फोनमधून मानही वर केली नाही. "मॉम, नो! रिमेंबर जपान?"

"खरंय बाई," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "करू दे बाबाला."

मी केलं. तारीख मोठ्याने वाचून दाखवली. तिने मान डोलावली. मला तेव्हाही बोलता आलं असतं.

येत्या शनिवारी पुन्हा पॉटलक आहे. तिला मी एक वाक्य देणं लागतो: तुझी तारीख बरोबर होती. आधी तिला एकटीला, मग मुलीला, मग ज्यांना ज्यांना हसवलं त्या सगळ्यांसमोर. अजून दिलेलं नाही.