सिद्धाप्पा मिस्त्री प्रथम श्रेणीत पास

गवंडीकामातलं मला काहीही कळत नाही, तरी मी एका गवंड्याची परीक्षा घेतली आणि त्याला प्रथम श्रेणीत पास केलं.

याचं मूळ कारण तुम्ही दोघं आहात. दिवाळीला येणार म्हणून तुमच्या बाबाचा फोन आला आणि तो सहज म्हणाला, "आई, तुझ्या बाथरूममध्ये मुलं घसरतात. विमलकाकूनं नवीन करून घेतलंय, या खेपेस तिच्याकडेच उतरू." विमल म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीपलीकडे माझी नातवंडं झोपणार आणि मी अलीकडे बसून त्यांचं हसणं ऐकणार! फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता. मी मात्र चांगली तापले होते.

विमलनं कामाला सर्टिफिकेटवाली टोळी आणली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, गळ्यात फोटोचं कार्ड. त्यांची प्रमुख शबाना नावाची मुलगी, फरशीकामाचा रीतसर कोर्स केलेली. (माझ्याही भिंतीवर पदव्या टांगलेल्या आहेत, पण त्या गळ्यात घालून फिरायचं मला कधी सुचलं नाही.) विमल गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची की आमची टीम सर्टिफाइड आहे. भाजीवालीलासुद्धा! काम संपल्यावर शबानानं मोरीच्या जाळीला बोळा लावून बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवलं, कुठं झिरपतं का बघायला. आणि हे सोलापुरात, जिथं नळाला पाणी येण्याचा दिवस आम्ही सणासारखा पाळतो! मी भवानी पेठेतल्या मैत्रिणींना एकेकीला फोन करून ही उधळपट्टी कळवली.

आता मला तिच्याहून वरचढ बाथरूम हवं होतं, आणि तेही सर्टिफाइड. शबानाला बोलावणं म्हणजे विमलची नक्कल. म्हणून आमच्या नेहमीच्या सिद्धाप्पा मिस्त्रीला होटगीहून बोलावलं. आमचं कुंपण त्याच्या हातचं. ते अजून उभं आहे.

"सिद्धाप्पा, सर्टिफिकेट आहे का तुझ्याकडे?"

"रहिवासाचं हाय की बाई. चालंल?"

फरशीचं काम आपण फारसं केलेलं नाही, असंही तो सांगत होता. पण मला वाईट बातमी ऐकायची नव्हती. सर्टिफिकेट नसेल तर देता येतं, असा विचार मी केला. जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवून पास-नापास केलंय, एक गवंडी काय जड आहे!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लेखी परीक्षा झाली. वक्तशीरपणा, स्वच्छता, मालकिणीशी बोलण्याची पद्धत, असे प्रश्न होते. (बाथरूमवर एकही नव्हता. ते माझ्या विषयाबाहेरचं.) सिद्धाप्पाची शाळा कानडी, त्यानं उत्तरं कानडीत लिहिली. मला कानडी वाचता येत नाही, पण अक्षर इतकं वळणदार होतं की गुण कापायला जीव होईना. तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "आणि तोंडी?"

सोनेरी किनारीचं इंग्रजी सर्टिफिकेट छापून आणलं, खाली परीक्षक म्हणून माझी सही. एक प्रत माझ्या पदव्यांशेजारी फ्रेम करून लावली, विमलला दारातून दिसेल अशी. दुसरी सिद्धाप्पानं लॅमिनेट करून गळ्यात अडकवली. त्या दिवसापासून त्याची चालच बदलली.

फरशी बसली. सिद्धाप्पा म्हणाला, "बाई, एक बादली पाणी द्या की. उतार बगतो."

पाणी परवा येणार होतं. बादली द्यायची माझी छाती होईना. "सिद्धाप्पा, तू आता पास झालेला माणूस. तुला बघायला कशाला लागतं?"

त्यानं गळ्यातल्या कार्डावरून हात फिरवला. "ते बी खरं हाय."

पाण्याच्या दिवशी टाकी काठोकाठ भरली आणि मी विमलला मुद्दाम चहाला बोलावलं. तिच्या डोळ्यांदेखत ऐटीत नळ सोडला. पाणी फरशीवर आलं, क्षणभर थांबलं, जाळीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही आणि सरळ उंबऱ्याकडे निघालं. मी नळ बंद करायला फिरवला तर धार दुप्पट झाली. तोही उलटा बसला होता. तोवर पाणी हॉलमध्ये, सोफ्याखाली, टीव्हीच्या टेबलापर्यंत. आजोबांनी पाय वर घेतले आणि पान उलटलं.

विमलनं साडी वर धरून सगळं शांतपणे पाहिलं. "ताई, उतार छान आलाय. हॉलकडं."

शेवटी शबानाला बोलवावं लागलं, आणि तेही विमलच्या फोनवरून! तिनं फरशीची पातळी मोजून पाहिली आणि फरशी पुरती उखडावी लागेल म्हणाली. मग तिची नजर फ्रेमवर गेली.

"आंटी, इनको पास किसने किया?"

"होती एक परीक्षक," मी म्हटलं. "आता निवृत्त झाली."

सिद्धाप्पानं मात्र काही मनाला लावून घेतलं नाही. शबानानं केलेल्या कोर्सला तोही नाव घालून आला. प्रवेशाच्या वेळी त्यानं माझं सर्टिफिकेट दाखवलं. ते पाहून त्याला अगदी पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला सांगितलं आहे.

आमच्या बाथरूममध्ये आता शबानानं पाणी साठवून ठेवलंय, आणि ती सांगेपर्यंत आत पाऊल ठेवायचं नाही. तेव्हा दिवाळीत तुम्ही विमलआजीकडेच उतरा. तिनं काल गॅलरीतून मलाही आमंत्रण दिलं, "ताई, पहिल्या आंघोळीला तुम्हीसुद्धा इकडेच या. आमची फरशी सर्टिफाइड आहे." सगळ्या गल्लीनं ऐकलं.

मी जाणार आहे, टॉवेल घेऊन. भिंतीच्या अलीकडे बसून तुमचं हसणं ऐकण्यापेक्षा पलीकडे जाऊन स्वतःवर हसवून घेतलेलं बरं.