ब्राउजरचं अपडेट आणि वानखेडेभाऊ

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातलं कोणी लग्नात भेटो की मयतीत, दहा मिनिटांत ब्राउजरचा विषय निघतोच. किस्से साचतात ते असेच. एक सांगितला की मागचे चार उठून बसतात.

आमचं टीसी छापायचं सॉफ्टवेअर जुनं. ते फक्त जुन्या ब्राउजरमध्येच चालायचं. एका सोमवारी ब्राउजर आपोआप अपडेट झाला आणि प्रिंटचं बटणच गायब! बाहेर पोरापोरींची रांग. आमच्या हेडक्लार्क वानखेडेभाऊंनी स्क्रीनवर बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी झाडपूस करणाऱ्या शालूबाईंना बोलावलं.

"शालूबाई, सकाळी फडकं जरा जोरात मारलं का?"

"नाई जी भाऊ, म्या फक्त धूळ पुसली."

*

पिपरी मेघेहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ठाकरे आले. त्यांनी जुना ब्राउजर परत बसवून दिला, आपोआप होणारे अपडेट बंद केले आणि बजावलं, की कोणीही म्हटलं तरी अपडेट करायचं नाही.

भाऊंनी हे फारच मनावर घेतलं. दुपारी प्राचार्यांचा फोन आला, "वानखेडे, अ‍ॅडमिशनचं काय अपडेट आहे?"

भाऊ उठून उभे राहिले. "सर, अपडेट सकाळपासून बंद केले."

*

त्यानंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज सूचना यायची, 'तुमची आवृत्ती जुनी झाली आहे.' रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेल्या भाऊंना ते लागायचं. तरी शांतपणे 'नंतर' दाबायचे.

एकदा ते मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला हिंगणघाटला गेले होते. तिथून मला फोन. मागे बँड वाजतोय आणि भाऊ ओरडून विचारताहेत, "ताई, त्याले 'नंतर' म्हटलं का?"

*

पुढे सहा महिन्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यांचं काम सुधारलं. ठाकरे अपडेट परत चालू करायला आले, तर शालूबाई खुर्चीसमोर उभ्या. अपडेटवाल्याला बसू द्यायचं नाही, असा भाऊंचा हुकूम होता.

"अहो बाई, बंद मीच केलं होतं!"

"मंग आता काऊन चालू करून राह्यले?"

ठाकरे चहा पिऊन परत गेले.

*

आणि त्याच सहा महिन्यांतली प्रणालीची टीसी. ही नालवाडीची मुलगी. दुसऱ्या कॉलेजात तिच्या अ‍ॅडमिशनचा शेवटचा दिवस होता. आमच्या मुख्य मशीनवर गर्दी, म्हणून मी तिची टीसी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून काढली. तिथले अपडेट बंद करायचे राहूनच गेले होते, आणि मधल्या एका अपडेटनं प्रिंटचं बटण परत आणलं होतं. गडबडीत भाऊंनी सही-शिक्का मारला आणि मुलगी गेली.

संध्याकाळी ऑफिस कॉपी फाइलला लावताना बघितलं, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. तिचं नाव नाही, वडिलांचं नाही. भाऊ म्हणाले, "पोरीचं वर्ष गेलं आपल्या पायी."

मी नवी टीसी काढून घेतली, ऑटो केला आणि त्या कॉलेजात पोचले. तिथले क्लार्क कुलूपच लावत होते. मी चाचरत प्रणालीचं नाव सांगितलं. त्यांनी फाइल काढून पुढे ठेवली. अ‍ॅडमिशन झालेली होती. टीसीवर एकेका चौकोनात एकेक अक्षर, निळ्या पेनानं, पोरीनं स्वतः भरलेलं, सुरेख. तिच्या नावापुढे उरलेल्या दोन चौकोनांत आडवी रेघ.

"तुमच्या कॉलेजचा हा नमुना चांगला हाय मॅडम," क्लार्क म्हणाले. "फक्त वडिलांच्या नावाले चौकोन कमी दिले तुम्ही."